खिळ्यावरची चकती

आमच्या बसवनगुडीच्या घरात स्वयंपाकघराच्या खिडकीशेजारी एक खिळा होता, आणि त्या खिळ्याला एकच काम होतं. कॉफीच्या पितळी फिल्टरमधली दांडीची चकती धुऊन झाली की ती त्यावर टांगायची. फिल्टर म्हणजे एकावर एक बसणारी दोन भांडी. वरच्याच्या तळाला बारीक भोकं, त्यात कॉफीची पूड, पुडीवर ही चकती दाबून बसवायची, वरून उकळतं पाणी ओतायचं, आणि खालच्या भांड्यात थेंब थेंब डिकॉक्शन पडू द्यायचं. ओली भांडी एकात एक घातली की वास धरतात असं अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, ठाम मत होतं. म्हणून दोन्ही भांडी आणि झाकण फळीवर उपडी, ओळीनं, आणि चकती खिळ्यावर. सचिवालयातल्या आपल्या टेबलावर ते टाचण्या आणि दोरे जसे वेगवेगळ्या वाट्यांत ठेवत, तसंच हेही. तुम्ही दोघं नातवंडं माझ्या कपाटांची चेष्टा करता, चमच्यांच्या खणाचे फोटो काढून एकमेकांना पाठवता, ते मला माहीत आहे. त्या कपाटांचं मूळ त्या खिळ्यात आहे.

घरात सकाळी पहिला आवाज कॉफीच्या यंत्राचा. टेबलाच्या कडेला स्क्रूनं बसवलेलं हातानं फिरवायचं यंत्र, आणि ते फिरवायचे अण्णा स्वतः, धोतर खोचून. बिया आदल्या रविवारी आईनं लोखंडी कढईत भाजलेल्या असायच्या. त्या वासानं समोरच्या घरातले शास्त्रीसुद्धा खिडकी उघडत. मग बंबाचा धूर, दारात गाय घेऊन आलेल्या गवळ्याची हाक, आणि या सगळ्याच्या खाली, कान दिला तरच ऐकू येणारा, पितळेत पडणाऱ्या थेंबांचा आवाज. त्या वेळात फिल्टरला हात लावायचा नाही, टिचकी मारायची नाही, झाकण उचलून बघायचं नाही. मला ते जमायचं नाही. मी त्या वयात कुठेच स्थिर बसू शकत नव्हते. जेवताना पाय हलवायची, वाचताना खोलीभर फिरायची, आणि डिकॉक्शन पडेपर्यंत स्वयंपाकघर ते अंगण अशा येरझारा घालायची. अण्णा यंत्र थांबवून एवढंच म्हणत, “वच्छे, स्वल्प बस.” आमच्या घरच्या मराठीत ‘जरा’ला ‘स्वल्प’च म्हणत. पिढ्यान् पिढ्या बेंगळुरात राहून मराठी टिकली होती, पण तिच्या कडेकडेनं कन्नड असं झिरपलेलं होतं.

पहिलं, दाट डिकॉक्शन अण्णांचं, आणि कोणी पाहुणे असले तर त्यांचं. त्याच पुडीवर दुसऱ्यांदा पाणी घालून निघालेलं आईचं आणि आम्हां मुलांचं. तिसऱ्यांदा घातलेल्या पाण्याचा फक्त रंग कॉफीचा असायचा, तो अक्काचा. अक्का म्हणजे अण्णांची मोठी बहीण. लहानपणीच विधवा होऊन माहेरी परत आली होती. लाल आलवण, डोक्यावरून पदर, कडक सोवळं. अण्णा तिला अक्का म्हणत म्हणून घरातले, शेजारचे, गवळीसुद्धा अक्काच म्हणत. तिची पूजा उशिरापर्यंत चाले, तेव्हा तिला शेवटची कॉफी, असा त्याचा हिशेब. कोणी तसं ठरवलं नव्हतं आणि कोणी दुष्टपणानं करत नव्हतं. मी रोज तो पेला तिच्यासमोर नेऊन ठेवायची. त्याचा रंग मला दिसायचा, आणि त्याचं काही वाटायचं नाही.

मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते, विषय वनस्पतिशास्त्र. पुढे एम.एस्सी. करायचं माझ्या मनात होतं. अण्णांच्या मनात धारवाडचं स्थळ होतं. मुलगा वकील, घर चांगलं, पत्रिका जुळलेली, आणि तिकडून उत्तराची घाई चाललेली. अण्णा काही वाईट बाप नव्हते. मला इंग्रजी शाळेत त्यांनीच घातलं होतं. पण एम.एस्सी. म्हणजे रानावनात हिंडणं, तंबूत राहणं, हे त्यांना कळल्यापासून ते गप्प झाले होते. त्या हिवाळ्यात आमच्या वर्गाची सहल सावनदुर्गाला जायची होती, पायथ्याच्या आमराईत तंबू ठोकून तीन रात्री. बरेच दिवस त्यांनी हो-नाही काही सांगितलं नाही. मग एका रविवारी जयनगरचा आमचा प्लॉट बघायला आम्ही गेलो, तेव्हा तिथे नुसती रागीची शेतं आणि मोजणीचे दगड होते. त्यांतल्या आमच्या दगडावर पाय ठेवून त्यांनी निकाल दिला. मी सहलीला जावं, बरोबर अक्कानं जावं. तिथलं राहणं-वागणं आपल्या घरच्या मुलीला साजेसं आहे असं अक्का परत येऊन म्हणाली तर एम.एस्सी.ला होकार, नाही म्हणाली तर धारवाडला. अक्काचा शब्द शेवटचा. मी घरी येईपर्यंत रस्ताभर सगळ्यांच्या पुढे चालत होते, आणि आई मागून सारखी सांगत होती की पोरी, हळू.

सामान मीच भरलं. अक्का बाहेरच्या कोणाच्या हातचं घेणार नव्हती. तिच्यासाठी भाजलेलं पीठ, गूळ, सुकी फळं, जेवायला तिच्याच हातच्या पळसाच्या पत्रावळी. आणि कॉफी. सगळ्या सोवळ्यातून अक्कानं कॉफीला एक फट ठेवली होती. घरच्या मुलीनं स्नान करून, घरच्या भांड्यात, कोऱ्या पाण्यात केलेली कॉफी तिला चालत असे. मी फळीवरून दोन्ही भांडी घेतली, झाकण घेतलं, पूड डब्यात घट्ट भरली, दुधाचं पातेलं, पेले, फडकं. ओळीनं ठेवलेलं सगळं ओळीनं उचललं. चकती खिळ्यावर राहिली. पसारा असलेल्या घरातली मुलगी ती विसरली नसती, कारण तिथे चकती फिल्टरच्या आतच राहिली असती.

हे मला सावनदुर्गाच्या पायथ्याशी पहिल्या सकाळी कळलं. समोर तो एकसंध काळा डोंगर, तळ्यावर धुकं, थंडीनं बोटं वळत नव्हती. मी तीन दगड मांडून, ओल्या केसांनी, जाळ करून बसले होते. पूड घातली, चकतीसाठी हात पिशवीत घातला, आणि हात तिथेच राहिला. पिशवी उलटी केली, वळकट्या सोडल्या. मग नाइलाजानं पाणी तसंच ओतलं. दाबायला वर काही नसलं की पूड पाण्याबरोबर उसळते, वर तरंगते, आणि पाणी बाजूबाजूनं पळ काढतं. खाली उतरलं ते गढूळ. दूध गावातून आणलेलं, उघड्या जाळावर तापवल्यामुळे धुरकटलेलं. अक्कानं पेल्यातून एक घोट घेतला, पेला खाली ठेवला, आणि डोंगराकडे बघत बसली. रागावली असती तर बरं झालं असतं.

दुपारपर्यंत तिनं कपाळाला फडकं बांधलं. कॉफी चुकली की तिचं डोकं असं चढत असे. मग म्हणाली, “उद्या सकाळी मागडीहून बस असते म्हणे. आपण जाऊ.” मी विचारलं, आणि अण्णांना काय सांगशील. ती म्हणाली, “काय असेल ते सांगीन. थंडी होती, धूर होता, डोकं दुखलं.” तिच्या दृष्टीनं त्यात खोटं काहीच नव्हतं. मला मात्र त्या तीन वाक्यांत धारवाड दिसत होतं, वकिलाची ओसरी, आणि तिथे येरझारा घालणारी मी.

दुपारी वर्ग डोंगरावर निघाला. आमच्या प्राध्यापिका मिस मथायस मंगळूरकडच्या. उंच, टोपी घालणाऱ्या, कातळाच्या भेगेत उगवणाऱ्या इवल्याशा झाडापुढे गुडघे टेकून बसणाऱ्या. त्यांनी मला विचारलं, येतेस ना? मी म्हटलं, अक्काला बरं नाही. माझी मैत्रीण जया जाताजाता हसून म्हणाली, “अक्कांना तू आणलंयस, की अक्कांनी तुला?” मग त्या सगळ्या वर गेल्या, आणि त्यांचे आवाज कातळावरून खाली येत राहिले. कोणाला तरी काहीतरी सापडलं होतं, कोणीतरी मला नावानं हाक मारत होतं. ज्या डोंगरासाठी एवढी वाट पाहिली त्याच्या पायथ्याशी मी चुलीपुढे बसले होते. उठायची, चार पावलं जायची, परत यायची. कॉफीसाठी खाली राहिले तर डोंगर गेला, डोंगरावर गेले तर सगळंच गेलं.

अक्का आंब्याखाली पडून माझ्याकडे बघत होती. शेवटी म्हणाली, “अशी फिरून काय होणार? बस. काय विसरलंय ते नीट सांग.” तिला काही माहीतच नव्हतं. तिच्यापर्यंत नेहमी तयार पेला पोचत आला होता, फिल्टर आतून तिनं कधी पाहिलाही नसावा. मी मातीत काडीनं काढून दाखवलं. हे वरचं भांडं, ही पूड, ह्यावर एक गोल, भोकांची, जड चकती. पाणी हळू जावं म्हणून. माझी नजर बोलताबोलता तिच्या पत्रावळींच्या जुडीवर गेली, आणि मी म्हटलं, अक्का, पळसाचं पान चालेल का गं? ती उठून बसली. “गोल कापायचं ना? दे इकडे.”

पत्रावळीच्या बाबतीत तिचा हात मशीनसारखा होता. आयुष्यभर दुपारी तिनं तेच केलं होतं. भांड्याचं तोंड बोटांनी मापून तिनं वाळल्या पानांचा दुहेरी गोल काढला, कोमट पाण्यात घालून मऊ केला, आणि पत्रावळीतलीच चोय, म्हणजे पानं टाचायची बारीक काडी, उपसून तिनं त्यात भोकं पाडली. वर वजन हवं. मी तळ्याकाठचा एक चपटा दगड घासून, उकळून आणला, पण तो तिला चालेल की नाही या धास्तीत उभी राहिले. ती म्हणाली, “दगडाला कसला विटाळ? देव त्याचेच करतात.”

तरी एकदम जमलं नाही. पहिल्या खेपेला मी पूड फार दाबली आणि पाणी वरच उभं राहिलं. दुसऱ्या खेपेला तळ्यावरचा वारा सुटला, पितळ गार झालं आणि थेंब थांबले. मी टिचकी मारायला बोट पुढे केलं. “हात लावू नको,” अक्का म्हणाली, अगदी अण्णांच्या आवाजात. मग आम्ही जाळ मोडला. निखारे बाजूला ओढले, गरम राखेत खळगा केला आणि फिल्टर गळ्यापर्यंत त्यात पुरला. निखाऱ्यांवर दूध ठेवलं, झाकून, म्हणजे धूर आत जाणार नाही. तुम्ही मागच्या उन्हाळ्यात तंबूबाहेरचा फोटो पाठवला होतात, भडकलेल्या जाळावर किटली टांगलेली. फोटो सुंदर आहे. पण कॉफी जाळावर नाही होत, जाळ विझल्यावर होते. एवढं माझं ऐका.

आणि मग थेंब पडायला लागले. राखेत पुरल्यामुळे ते दिसत नव्हते, नुसते ऐकू येत होते. मी उठले. अक्कानं माझ्या ओच्याला धरून मला खाली बसवलं, आणि बोलायला लागली, बहुधा मी बसून राहावं म्हणून. ती टोपीवाली बाई, तिचं लग्न झालंय का? मी म्हटलं, नाही. राहते कुठे? कॉलेजच्या आवारात, एकटी. रांधतं कोण? स्वतःच. यावर अक्कानं राखेत काडीनं रेघा ओढल्या. मग विचारलं, “तिला सकाळची कॉफी कोण करून देतं?”

“कोण देणार? तीच करते.”

“म्हणजे पहिली तीच पिते,” अक्का म्हणाली.

वरचं भांडं उचललं तेव्हा खालच्या भांड्यात डिकॉक्शन होतं, काळंभोर, कडेला तांबूस, आणि वास आमच्या स्वयंपाकघराचा. वरून मंडळी उतरत होती. मी सवयीनं हात पुढे केला आणि पहिला पेला मिस मथायसांसाठी भरायला घेतला, कारण बाहेरचं माणूस आधी. अक्कानंही सवयीनं आपला पेला मागे सरकवला. “तुझ्या बाईंना दे. मला मागून चालेल.” त्या सरकवलेल्या पेल्याकडे मी बघत राहिले. घरी तो रोज तसाच सरकत असणार. मी म्हटलं, “मागून काही नाही अक्का. इथे आपण घरी नाही.” दाट डिकॉक्शन, त्यात फेस येईपर्यंत उंचावरून ओतलेलं दूध, थोडी साखर. तिनं पदरात धरून पेला उचलला, वरूनच तोंडात धार धरली, तिच्या पद्धतीनं. थांबली. पुन्हा प्यायली. मग पेला उतरवून तिनं त्यात डोकावून बघितलं.

“आपला बाळू रोज ही पितो?”

बाळू म्हणजे अण्णा. ज्यांच्यापुढे सचिवालयात कारकून उभे राहत, त्यांना जगात एकटी तीच बाळू म्हणायची. मी म्हटलं, हो, रोज. “रोज,” ती म्हणाली. उरलेली कॉफी तिनं इतकी सावकाश संपवली की मिस मथायस हातपाय धुऊन आल्या तरी तिचा पेला चाललाच होता. डोक्याचं फडकं तिनं केव्हा सोडलं ते माझ्या लक्षात आलं नाही.

मागडीची बस आमच्याशिवाय गेली. त्या सकाळी मी अंधारातच कॉफी केली, आणि उजाडताना वर्गाबरोबर डोंगर चढले. वरून खाली बघितलं तर आमराईत एक लाल ठिपका चुलीशेजारी बसलेला होता. तिच्याबद्दल दया येऊन मी हे लिहीत नाही. त्या वेळी मला तिची दया नव्हती, भीती होती. परतीच्या सबंध रस्त्यात ती एक अक्षर बोलली नाही. मी खिडकीची दांडी धरायची, सोडायची. चांगली कॉफी मिळाली म्हणून अक्का आपलं मत बदलेल असं मानायला मी काही मूर्ख नव्हते. सोवळं न पाळणाऱ्या मुली, टोपीवाल्या बाई, उघड्यावरचं निजणं, हे सगळं तिनं बघितलं होतंच.

घरी पोचलो तेव्हा अण्णा कचेरीतून आलेले. बाहेरच्या खोलीत, आपल्या खुर्चीत. आई संध्याकाळची कॉफी आणत होती. अक्का एरवी अशा वेळी मागच्या दारानं न्हाणीकडे जायची. त्या दिवशी पाय धुऊन सरळ बाहेरच्या खोलीत आली आणि समोरच्या बाकावर बसली. आईनं अण्णांपुढे पेला केला. अक्का म्हणाली, “तो मला दे गं. त्याला मागून दे.” आई घोटाळली. अण्णांनी मान हलवली, प्रवासातून आलीय, दे. आईनं त्यांच्यासाठी दुसरा पेला आणला. अण्णांनी एक घोट घेतला आणि पेला दिव्याकडे धरून बघितला.

“आज पाणी जास्त झालं का?”

“नाही,” आई म्हणाली. “दुसरी आहे. आम्ही रोज हीच पितो.”

अण्णांनी पेला पुरा संपवला. मी दाराच्या चौकटीला टेकून उभी होते आणि माझा एक पाय थांबत नव्हता. मग त्यांनी विचारलं, “सरी, बरं तर. अक्का, सांग. काय बघितलंस?”

अक्कानं आपली कॉफी आधी संपवली. मग म्हणाली, थंडी होती. धूर होता. पहिल्या दिवशी डोकं दुखलं. मी डोळे मिटले. “आणि पोर कामाची आहे. चकती विसरली, तर पानाची केली. मी मदत केली थोडी. बाळू, हिला बसवून ठेवशील तर घरभर फिरत राहील. जाऊ दे तिला. धारवाडला तसं कळव.”

अण्णांनी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. जेवताना नाही, झोपायला जाताना नाही. सकाळी यंत्राच्या आवाजानं मी उठले. रोजच्यापेक्षा तो जास्त वेळ चालला होता. स्वयंपाकघरात गेले तर फळीजवळ अण्णा उभे, समोर डबा उघडा, आणि ते फिल्टरमध्ये पूड भरत होते, नेहमीच्या मापावर आणखी, आणि आणखी. डिकॉक्शन पडून झाल्यावर त्यांनी दोन पेले स्वतः भरले, एक आपल्यासाठी आणि एक देवघराच्या उंबऱ्याशी, पूजा व्हायच्या आधीच. आईचा पेला त्या घरात पुढेही बरीच वर्षं दुसराच राहिला, हेही लिहायला हवं.

दुपारी फिल्टर मी धुतला. भांडी उपडी ठेवली आणि चकती टांगायला हात वर केला. अण्णा सुट्टीमुळे घरी होते. त्यांनी ती माझ्या हातातून घेतली, धोतराच्या सोग्याला दोनदा पुसली, अगदी कोरडी होईपर्यंत, आणि वरच्या भांड्याच्या आत टाकली. पितळेवर तिचा आवाज झाला.

“इथेच राहू दे,” ते म्हणाले. “पुढच्या वेळी विसरशील.”